आपण थांबायचं

"आम्ही ठरवलंय," मोठे सर म्हणाले, आणि माझा चहाचा कप ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिला. बाकीच्यांनी पुढचं ऐकलं. पुढचं मोठं होतंच. येत्या वर्षापासून शाळेत आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू होणार, पटांगणापलीकडच्या नव्या काचेच्या इमारतीत त्याचे वर्ग भरणार, आत्ताच्या शिक्षकांतल्या काहींना तिकडे घेणार आणि उरलेल्यांचं नंतर बघू. भूगोलाच्या बाई "अगं बाई" म्हणाल्या, कुणीतरी खुर्ची सरकवली, शिक्षकखोलीतला पंखा नेहमीसारखा कुरकुरत राहिला. मी मात्र पहिल्याच शब्दाला अडलो. आम्ही! हा माणूस मुख्याध्यापक व्हायच्या आधीपासून मी त्याला ओळखतो. आम्ही दोघं एकाच पावसाळ्यात या शाळेत लागलो, तो विज्ञानाला आणि मी गणिताला, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच शब्द: आपण. आपलं छप्पर गळतंय. आपली मुलं भागाकारात कच्ची आहेत. एकदा मी तासाला उशिरा गेलो, तर संध्याकाळी जिन्यात मला गाठून म्हणाला, "आज आपण वर्गावर उशिरा गेलो, बरं दिसत नाही ते." उशिरा गेलो मी, आणि शरमेचा अर्धा वाटा यानं उचलला! आता तोच माणूस सगळ्यांसमोर उभा राहून आम्ही म्हणतो. गणिताच्या माणसाला संच शिकवावे लागत नाहीत. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत असतो, 'आम्ही' म्हटलं की बाहेर. मी बाहेर होतो. नोकरीचं म्हणाल तर गणिताचा मास्तर कुठेही उपाशी मरत नाही, त्याची मला फिकीर नव्हती. पण हा एक माणूस मला अजून आपल्यात धरतो की नाही, एवढं मला कळायला हवं होतं. चहा गार झाला होता, तो मी तसाच पिऊन टाकला.

हा कान मला बापाकडून मिळालेला. आमचे वडील आणि काका एकाच घरात राहायचे, दोन खोल्या, मधे पडदा, स्वयंपाक एक. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका रविवारी दारात कुणी पाहुणा आला आणि काका त्याला म्हणाले, "या, या, हे आमचं घर." वडील मागे उभे राहून खिळा ठोकत होते, कॅलेंडरसाठी. हातोडी थांबली. मला आठवतंय, कारण खिळा मी धरला होता. पाहुणा गेला, जेवणं झाली, काकांनी वडिलांच्या ताटात हातानं वाढलं, सगळं नेहमीसारखं. पण महिना उलटायच्या आत आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत होतो. काकू आईच्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, झालं काय ते तरी सांगा. काका जिन्यात उभे, चेहरा कोरा. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळलं होतं आणि ते नाटक करत होते, असं वडील म्हणायचे. "शहाण्याला शब्दाचा मार," एवढंच वडील म्हणायचे, आणि ते शहाणे होते यात मला लहानपणी शंका नव्हती. आता कधी कधी वाटतं, पाहुण्याला काकांनी म्हणायचं तरी काय होतं? पाहुणा घरातला नव्हता. त्याला 'आपलं घर' म्हणणं हेच उलट खोटं झालं असतं. व्याकरणानं काका बरोबर होते. पण हे वडिलांना सांगायला वडील राहिले नाहीत, आणि मोठ्या सरांनी जे म्हटलं ते पाहुण्याला नव्हतं, मला होतं.

तसं हे वारं आमच्याच शाळेत शिरलं असं नाही. गेली काही वर्षं सगळ्या भागाला त्यानं धरलंय. आधी तळ्याकाठची श्रीमंतांची शाळा गेली, मग स्टेशनामागची, मग जिच्यात शिक्षक टिकत नाहीत ती, आणि आता तर जिन्याखाली भरणाऱ्या बालवाडीच्या पाटीवरसुद्धा पृथ्वीचा गोळा आलाय. अजून चड्डीचं बटण लावता न येणारी मुलं म्हणे जगाचे नागरिक होणार. होईनात बापडी. माझा राग त्या पोरांवर नाही, अभ्यासक्रमावरही नव्हता. पुस्तकं मी चाळली, गणित तेच होतं, गणिताला परदेश नसतो. माझा संशय होता तो माणसांवर. आमच्याकडे त्यासाठी एक समन्वयक बाई आल्या, चाकांची बॅग ओढत. तरतरीत, हसऱ्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या खुर्च्या गोल मांडायला लावल्या आणि मी त्यांचं नाव वर्तुळबाई ठेवलं, दुपारपर्यंत ते शाळाभर झालं. वर्तुळात म्हणे कुणी पुढे नसतं, कुणी मागे नसतं. हे खोटं आहे. जिथे वर्तुळबाई बसायच्या ती बाजू पुढची, हे सगळ्यांना कळत होतं आणि त्यांच्याशेजारच्या खुर्च्या आधी भरत होत्या. मग त्यांनी सांगितलं, यापुढे मुलांना 'चूक' म्हणायचं नाही. "मग काय म्हणायचं?" मी विचारलं. "अजून नाही, असं म्हणायचं सर." मी म्हटलं, "बाई, सात गुणिले आठ चौपन्न हे 'अजून नाही' नाही. ते कधीच नाही." सगळे हसले. वर्तुळबाईही हसल्या, अगदी मनापासून, आणि हातातल्या टॅबवर बोटानं काहीतरी टिपलं. कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं. एवढं मनापासून कुणी हसतं का?

नंतर त्या माझ्या तासाला येऊन मागे बसल्या. मला माहीत होतं हे परीक्षेसाठीच आहे, म्हणून मी मुद्दाम त्यांच्या पद्धतीनं शिकवायचं ठरवलं, बघा म्हटलं, आम्हालाही येतं. फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि उत्तर न सांगता विचारलं, तीन कोन मिळून सरळ रेषेएवढेच का भरतात? कुणी बोलेना. एरवी मी स्वतःच सांगून मोकळा झालो असतो. त्या दिवशी मागे बाई होत्या, म्हणून गप्प राहिलो. शांतता एवढी लांबली की मला घाम फुटला. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी, जी वर्षभर 'हजर'पलीकडे काही बोलली नव्हती, उठली आणि म्हणाली, "सर, मी त्रिकोणाच्या कडेनं चालले तर तीनदा वळेन आणि शेवटी परत होते तशीच उभी राहीन. म्हणजे वळणं मिळून एक पूर्ण गिरकी. त्यातून काढता येईल ना?" माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी हा त्रिकोण कागद फाडून आणि कोपरे जुळवून शिकवत आलो, आणि ही पोरगी त्याच्या कडेनं चालत होती! मला इतका आनंद झाला की मी "बरोबर!" असं ओरडलोच. मग आठवलं की 'चूक'सारखाच 'बरोबर' हाही शब्द नंतर बंद झाला होता. मागे पाहिलं तर वर्तुळबाईंचे डोळे चमकत होते. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही किती छान थांबलात." मला खरंच बरं वाटलं. आणि घरी पोचेपर्यंत त्या बरं वाटण्याचाच संशय येऊ लागला. बळीच्या बकऱ्यालाही आधी कुरवाळतातच की.

एकदा शंकेची पाल चुकचुकली की घरभर पालीच दिसतात. मी शिक्षकखोलीत शिरलो की बोलणं थांबे, किंवा मला तसं वाटे. भूगोलाच्या बाई माझ्याशी जरा जास्तच गोड बोलू लागल्या. संस्थेचे सचिव, जे वर्षाकाठी एकदा तोंड दाखवत, ते आठवड्यातून दोनदा येऊन मोठ्या सरांच्या खोलीचं दार लावून बसू लागले. त्यांनी तोंडी निरोप फिरवला होता की ज्यांना नव्या इमारतीचं ओझं वाटतं त्यांनी आपणहून सांगावं, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत सोय करू. आपणहून! ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. आणि मोठे सर मला टाळत होते. संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी भरली का बघायचो, ते शिपायाचं काम होतं, पण आमचं ते बोलायचं निमित्त. आता सर खाली मान घालून सचिवांच्या गाडीत बसून जात. मी एकटा टाकी बघून येई. टाकी भरलेली असे.

अशातच एकदा ते जिन्यात भेटले. मी वर चढत होतो, ते उतरत होते. चेहरा ओढलेला, दाढी धड केलेली नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाले, "हे बघा, कोण काय म्हणतंय ते सोडा. आपण आता थांबायचं." मी "म्हणजे?" म्हणेपर्यंत खालून सचिवांची हाक आली, "सर, येताय ना?" आणि ते गेले. मी जिन्यात उभा. आपण आता थांबायचं. शब्द तीन होते आणि एकाचाही भरवसा नव्हता. आपण म्हणजे आपण दोघं, की आपण म्हणजे तुम्ही, अतिआदरानं? मोठे सर मला कधी 'आपण' म्हणून हाक मारत नाहीत, अहो-जाहो करतात. पण गेल्या वर्षी संगीताचे मास्तर नकोसे झाले, तेव्हा निरोपाच्या दिवशी हेच सर त्यांना म्हणाले होते, "आपण शाळेसाठी फार केलंत. आपण आता विश्रांती घ्यायची." ज्याला रोज "काय हो तबला" म्हणून हाक मारली त्याला त्या दिवशी एकदम आपण! मी बाजूलाच होतो. तबला मास्तरांचा चेहरा पडला तो मी पाहिला होता. माणसाला बाहेर काढायचं असलं की आधी त्याला उंच पाटावर बसवतात. आणि थांबायचं म्हणजे काय? वाट बघायची? की पुरे करायचं? दुकान थांबलं, घड्याळ थांबलं, नाडी थांबली, हेही थांबणंच.

बायकोला सांगितलं तर ती कपडे वाळत घालत होती. तोंडातला चिमटा काढून म्हणाली, "थांबायचं म्हणजे थांबायचं. जायचं नाही. इतकं सोपं आहे."

"तसं असतं तर 'थांबूया' म्हणाले असते."

"अहो, जिन्यात दोन मिनिटं सापडलेला माणूस व्याकरण बघेल का?"

"हा माणूस बघतो. आज आपण, उद्या आम्ही. बोलताना चुकत नाही तो."

"तुम्हाला ना, दुधात पाणी दिसतं आणि पाण्यात दूध," ती म्हणाली. मग शर्ट झटकून शांतपणे म्हणाली, "सरळ विचारा ना त्यांना. फोन उचला आणि विचारा, सर, आपण म्हणजे कोण? विचारायला काय जातं?" मी म्हटलं, "विचारायचं आणि त्यांनी खरं सांगितलं तर?" तिनं शर्ट दोरीवर टाकला. मग म्हणाली, "थांब म्हणणाऱ्या माणसाला सोडून कुणी जातं का हो?" फोन टेबलावर होता. मी तो हातात घेतला, त्यांचं नाव काढलं, आणि मला वाटलं, मी विचारणार, ते क्षणभर गप्प होणार, आणि त्या गप्प होण्यातच सगळं येणार. वडिलांनी काकांना विचारलं नाही ते भित्रेपणानं, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. वडील मानी होते. मी फोन ठेवून दिला आणि कपड्यांची बादली आत नेली.

उड्डाणपुलाखाली एक शाळा आहे, अजून जुनाच अभ्यासक्रम चालवणारी, भिंतींना ओल, वर्ग तुडुंब. तिथे गणिताला माणूस हवा होता. मी गेलो. तिथल्या मुख्याध्यापिकांनी मला खुर्ची दिली, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखा माणूस आम्हाला मिळतोय कुठे! कधीपासून येता?" या 'आम्हाला'चा मला काही त्रास झाला नाही, तिथे मी परकाच होतो. हलकं वाटलं. कुणी ढकलायच्या आधी आपण उतरलो की निदान पडलो असं कुणी म्हणत नाही. घरी येताना मी बायकोसाठी गजऱ्याऐवजी चांगला पेन घेतला, ती बँकेत असते, तिला पेन आवडतात. तिनं पेन घेतला, कारण ऐकलं, आणि पेन पर्समध्ये न टाकता टेबलावर ठेवून दिला. "सरांना सांगितलंत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "उद्या सचिवांनी सगळ्यांना बोलावलंय. एकेकट्याला. तिथेच सांगेन."

सचिव मधे, वर्तुळबाई उजवीकडे, मोठे सर डावीकडे. खुर्च्या गोल नव्हत्या. सचिव गोड हसून म्हणाले, "बसा. तुमच्याबद्दल आमची बरीच चर्चा झाली. आधी तुम्ही सांगा, तुमची स्वतःची इच्छा काय?" मोठे सर पुढे झुकले. "साहेब, इच्छेचा प्रश्नच येत नाही. मी तुम्हाला आधीच सांगितलंय..." ते बोलू लागले, आणि मला ते सहन होईना. आता आपण येणार, मला वाटलं, आता उंच पाट येणार, आपण शाळेसाठी फार केलंत. ते वाक्य त्यांच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्याही तोंडून चाललं असतं. "मी जातोय," मी म्हटलं. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा आला. "दुसरीकडे ठरलंय माझं. पुढच्या वर्षी मी नाही."

वर्तुळबाईंनी पटकन मोठ्या सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत होते, रागानं नव्हे, समोरचा माणूस ओळखीचा आहे का हे आठवत असल्यासारखे. सचिव मात्र खुर्चीत मागे रेलले. "अरेच्चा! मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "सर, तुमची अट यांच्यासाठी होती. गणिताला हेच, नाहीतर मीही नाही, असं तुम्ही म्हणालात. आता तेच जाताहेत म्हटल्यावर..." मग हलकेच म्हणाले, "आणि तुम्ही 'मीही नाही' हे बोलून बसला आहात. त्यातही आम्ही मोडता घालणार नाही. नव्या विभागाला नवा माणूस, हे आमच्याही मनात होतं." वर्तुळबाई म्हणाल्या, "साहेब, मला वाटतं आपण जरा..." मोठे सर समोरचं पाणी प्याले. "ठीक आहे," ते म्हणाले. "बोललो ते बोललो."

मी त्यांच्यामागे धावत खाली आलो. ते पार्किंगमध्ये स्कूटरशी उभे होते, किल्ली सापडत नव्हती, एकेक खिसा चाचपत होते. किल्ली स्कूटरलाच होती. मी सांगितलं. "हां," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले, तुटक तुटक. "सचिवांना गणिताला तरुण माणूस हवा होता, कमी बोलणारा. बाईंनी तुमचा तास बघून तुमच्या बाजूनं लिहिलं, पण त्यांचं कोण ऐकतो. म्हणून मी अडून बसलो. शिक्षकांशी यातलं काही बोलायचं नाही असं सचिवांनी मला बजावलं होतं, तरी जिन्यात सांगितलं तुम्हाला." मी म्हटलं, "तुम्ही आपण म्हणालात." ते म्हणाले, "मग काय म्हणणार? आपणच ना?" मी म्हटलं, "आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर आम्ही ठरवलंय म्हणालात." त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवलं. "म्हणालो असेन. त्यांच्या बैठकीतून तसाच उठून आलो होतो. त्यांचंच वाक्य तोंडात होतं." मग म्हणाले, "तुम्ही हे एवढं मोजत होतात?"

मला रडू येईल असं वाटलं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर उलटं फिरलं: गच्चीवर न येणं, ओढलेला चेहरा, धरलेला दंड, भूगोलाच्या बाईंचं गोड बोलणंसुद्धा, कारण माझ्यावर काय बेतलंय ते त्यांना कळलं असणार आणि कीव आली असणार. मला कुणी बाहेर काढलं नव्हतं. मीच दार उघडून बाहेर पडलो आणि जाताना याचा हात धरून त्यालाही ओढत नेलं. आणि तरी, इतकी लाज वाटत असताना, माझ्या डोक्यात तो किडा वळवळलाच: हे आत्ता सांगताहेत ते खरं कशावरून? स्वतःची नोकरी गेल्यावर मोठेपणा घ्यायला काय लागतं? मला स्वतःची शिसारी आली. या माणसाच्या दाढीचे खुंट पांढरे झालेले मला दिसत होते, आणि मी तिथेही पुरावा शोधत होतो. आता घरी गेलो तर जन्मभर हेच घोळवत बसणार, वडिलांसारखा, काकांचा चेहरा कोरा होता की नाटकी होता. काका गेले तेव्हा वडील त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते.

सरांनी स्कूटर स्टँडवरून काढली. मी हँडल धरलं. आयुष्यात मी कुणाला असं काही विचारलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही, त्यामुळे कसं विचारतात तेही मला माहीत नव्हतं. "सर," मी म्हटलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"हो," ते म्हणाले, आणि मी हँडल कधी सोडतो याची वाट बघत ते उभे राहिले.